मारियाची: बापाकडून पोराला नक्की काय मिळतं?

गवती_चहा

मारियाची म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना मेक्सिकन हॉटेलात टेबलाभोवती उभं राहून, आपण जेवत असताना कानाशी ट्रम्पेट वाजवणारी मोठ्या टोपीवाली मंडळी आठवतात. कुणाचा वाढदिवस असेल तर विचारूच नका. त्यामुळे या संगीताकडे जरा गंमत म्हणूनच बघितलं जातं. पण लॉस एंजेलिसला आल्यापासून या वाजवणाऱ्यांशी माझी थोडीफार ऊठबस झाली आणि एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. विचाराल त्याचा बाप वाजवायचा, आजा वाजवायचा. युनेस्कोने २०११ साली मारियाचीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हाही ही कला बहुधा बापाकडून मुलाकडे, कानाने ऐकून जाते असंच नोंदवलंय.

'वारसा' म्हटलं की सगळं कसं गोड गोड वाटतं. प्रत्यक्षात हा आधी पोटापाण्याचा धंदा आहे, वारसा वगैरे नंतर.

आमच्या ऑफिसच्या इमारतीची देखभाल बघणारे एक गृहस्थ शनिवार-रविवारी गितारोन वाजवतात. गितारोन म्हणजे ते ढेरपोट्या गिटारसारखं दिसणारं खर्जाचं वाद्य. त्यांना वडिलांनी शिकवलं म्हणजे काय केलं? पोरगा दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर त्याला चांबाला (म्हणजे वाजवायच्या कामाला) सोबत न्यायला लागले आणि मागे उभं करायला लागले. वाजवायचं नाही, वडिलांच्या डाव्या हाताकडे बघायचं. घरी बसून रियाज वगैरे प्रकार नव्हता. दारूच्या गुत्त्यात एखादं गिऱ्हाईक उठतं आणि म्हणतं, मला गायचंय. कुठल्या पट्टीत ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. तो पहिली ओळ उचलतो आणि ती संपायच्या आत गितारोनवाल्याला सूर सापडलेला असावा लागतो, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर टेकलेले. हे वडिलांनी तोंडाने कधी समजावलं नाही. पोरगा वाजवायला लागल्यावर चुकला की बुटाने त्याचा पाय दाबायचे, बस.

गाण्यागणिक पैसे घेऊन असं फिरतं वाजवण्याला ते 'आल तालोन' म्हणतात. मेक्सिको सिटीच्या प्लाझा गारिबाल्दीवर किंवा इथे बॉईल हाइट्सच्या मारियाची प्लाझावर पोशाख चढवून गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असतात ते यातले. दुसरा प्रकार 'दे प्लांता', म्हणजे एखाद्या हॉटेलात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पैशांत. प्लांतावाल्याचा दोन तासांचा कार्यक्रम बसलेला असला की भागतं. तालोनवाल्याला शेकडो गाणी तोंडपाठ लागतात. 'हे येत नाही' म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या ग्रुपकडे गेलंच. ज्या घरात तीन पिढ्यांची गाणी उठता-बसता कानावर पडतात, त्या घरचा पोरगा इथे भांडवल घेऊनच उतरतो. नवख्याने ते कुठून आणायचं?

तर प्रश्न असा, की आता मारियाची शाळेत शिकवतात, नोटेशन मिळतं, यूट्यूब आहे. घरातून जे मिळायचं ते तिथे मिळतं का? इथे अमेरिकेत राहणारे आणि संगीतातले जाणकार बरेच आहेत, म्हणून धागा काढला.

टिकोजीराव

म्हणजे थोडक्यात घराणी आहेत म्हणा की त्यांची. आपल्याकडे किराणा, जयपूर; तिकडे टोपी.

नाखवा

टिकोजी, टोपीचं मान्य, घराण्याचं नाही. ख्यालाचं घराणं म्हणजे तोच राग कसा मांडायचा याची रीत, आणि ती शिकायला बाहेरचा शिष्य चालतो. सवाई गंधर्व काही अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नात्यातले नव्हते. मारियाचीत रीत घराची नसून प्रांताची. पश्चिम मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांताचा 'सोन' (नाचाच्या लयीचा लोकसंगीतप्रकार) हालिस्कोसारखाच वाजणार, वाजवणारा कुणाच्याही घरचा असो. घर पुरवतं ती माणसं.

मी गिटार वाजवतो, म्हणून वाद्यांबद्दल थोडं. विवेला ही पाच तारांची, पाठीला कणा काढल्यासारखी फुगलेली छोटी गिटार. तिचं सगळं काम उजव्या हातात. तारा छेडायच्या प्रत्येक ढंगाला 'मानिको' म्हणतात आणि सोन, वापांगो, बोलेरो, रांचेरा या गाण्याच्या प्रकारांचे मानिको वेगवेगळे. गितारोनला सहा तारा, पडदे नाहीत. वाजवताना एका वेळी दोन तारा ओढायच्या, त्या एकमेकींपासून एका सप्तकाच्या अंतरावर. माइक नसताना उघड्या मैदानात खर्ज ऐकू जावा म्हणून ही युक्ती. बोटांना काय घट्टे पडत असतील ते गितारोनवाल्याचा हात हातात घेतला की कळतं.

खरी मेख लयीत आहे. सहा मात्रा घ्या. एकदा त्या ३+३ अशा मोजा आणि लगेच २+२+२. सोनमध्ये हे दोन्ही हिशोब एकमेकांत गुंतलेले असतात. व्हायोलिनं एका हिशोबाने चाललेली, विवेला दुसऱ्या, आणि गितारोन कधी याच्या बाजूला तर कधी त्याच्या. कागदावर लिहिता येतं, पण मी कागद समोर ठेवून वाजवलं तेव्हा ते बँडवाल्यांच्या कवायतीसारखं झालं. लहानपणापासून यावर नाचलेल्याला मोजावंच लागत नाही. गवती चहा यांच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच: गाणी शाळेत मिळतील, हे मिळायला वेळ लागेल.

मिरजकर_जुने

वाचतोय. छान चाललंय.

जुना_तबकडीवाला

घराण्याचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात गाजलेल्या मारियाचीचं काय झालं ते ऐका. मारियाची वार्गास दे तेकालितलान. हालिस्कोतल्या तेकालितलान गावी गास्पार वार्गासने १८९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेला ग्रुप. चार माणसं: दोन व्हायोलिनं, एक हार्प आणि एक गितारा दे गोल्पे (ताल धरायची गिटार). ट्रम्पेट नाही, चांदीची बटणं नाहीत. त्या काळचे खेड्यातले वाजवणारे साध्या सुती कपड्यांत, पायात वहाणा घालून लग्नं-जत्रा करायचे.

१९३२ साली गास्पारने ग्रुप मुलाच्या, सिल्वेस्त्रेच्या, हाती दिला. इथवर 'बापाकडून पोराला' ही गोष्ट अगदी पुस्तकात शोभेलशी. पण सिल्वेस्त्रे हुशार माणूस होता. १९३४ साली लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष झाले त्या समारंभात वाजवायला ग्रुप मेक्सिको सिटीला आला आणि मग राजधानीतच राहिला. रेडिओ आला, सिनेमा आला. ट्रम्पेट कायमचं झालं. १९४४ साली सिल्वेस्त्रेने रुबेन फुएंतेस नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला घेतलं. हा शास्त्रशुद्ध शिकलेला व्हायोलिनवाला, मारियाचीचा त्याला गंध नव्हता. पुढे त्यानेच सगळ्या रचना कागदावर बांधल्या आणि ग्रुपमधल्या लोकांना नोटेशन वाचता आलं पाहिजे हा दंडक पडला. आज जगभरचे मारियाची जे वाजवतात त्यातला बराच भाग फुएंतेसच्या हातचा आहे. २०२२ साली तो गेला, पंचाण्णव वर्षांचा होऊन.

म्हणजे ज्याला सगळे वंशपरंपरेचा नमुना म्हणतात तो ग्रुप दुसऱ्याच पिढीत घराबाहेर गेला. नाव तेवढं वार्गासांचं राहिलं. ग्रुप टिकला तो त्यामुळेच, असं माझं मत. वार्गासांनी तो घरातच ठेवला असता तर तेकालितलानच्या बाहेर कुणाला माहीत झाला असता?

टिकोजीराव

तबकडीवाले, जबरी. मी माझा घराण्याचा मुद्दा तूर्त गुंडाळून ठेवतो, पूर्ण टाकत नाही.

पीतांबर

'टिकला' म्हणताय खरं, पण काय टिकलं? फुएंतेसने सगळ्यांना एक सारखं वाजवायला लावलं. रेडिओला ठणठणीत आवाज हवा म्हणून दोन ट्रम्पेटं, सिनेमाला रुबाब हवा म्हणून जमीनदारांच्या घोडेस्वारीचा पोशाख. शेतमजुराच्या पोराने हासिएंदाच्या मालकाचे कपडे घालून वाजवायचं आणि त्याला परंपरा म्हणायचं. खेड्यात हार्प होती ती गेली. त्यातच भर म्हणून आता शाळेतल्या स्पर्धा. माफ करा, पण दोनशे मुलं एकच अरेंजमेंट वाजवताना बघितली की मला शाळेचं गॅदरिंग आठवतं.

गवती_चहा

पीतांबर, हार्प सगळीकडून गेली नाही. मिचोआकान प्रांताच्या तिएर्रा कालिएंते भागात, आपातसिंगानच्या आसपास, अजून मोठी हार्प वाजते. तिथे एक गंमत बघण्यासारखी आहे. हार्पवाला तारा छेडत असतो आणि दुसरा माणूस खाली बसून हार्पच्या लाकडी पोटावर तळहाताने ताल धरतो. एकाच वाद्यावर दोघे जण. आणि ग्वादलाहारात, हालिस्कोच्या राजधानीत, २००२ पासून ट्रम्पेटविरहित जुन्या मारियाचींचा मेळावा भरतो. खेड्यापाड्यांतून म्हातारे येतात, विक्सारिका आदिवासींचे ग्रुप येतात. तुमच्या मनातला 'खरा' मारियाची तिथे भेटेल. पण ते म्हातारे शहरातल्या मारियाचीला खोटं म्हणतात असं मात्र मला दिसलेलं नाही. ती हौस आपल्यासारख्या बाहेरच्यांना.

पोशाखाचं मान्य. मात्र आमच्या गितारोनवाल्यांना हे विचारलं तर ते हसले. म्हणाले, कामाचे कपडे आहेत, आणि महाग आहेत. एवढंच.

शेवंता_वेगास

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय, सांभाळून घ्या. आम्ही लास वेगासला. इथल्या सरकारी शाळांत मारियाची हा रीतसर विषय आहे, मार्कांसकट. माझी मुलगी आठवीत, व्हायोलिन आधीपासून शिकत होती. नेहमीच्या ऑर्केस्ट्राऐवजी तिने हे निवडलं कारण तिच्या मैत्रिणी तिकडे गेल्या. संस्कृती वगैरे काही नाही हो.

पीतांबर म्हणतात ते गॅदरिंगचं काही खोटं नाही. पण आतून बघितलं तर वेगळं दिसतं. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचे वडील आणि काका मारियाची आहेत. माझ्या लेकीला नोटेशन सरसर वाचता येतं, त्या मुलीला अडखळत. पण नोटेशनमध्ये लिहिलेला स्वर आणि प्रत्यक्ष वाजवायचा स्वर यात फरक असतो. कुठे गज थोडा उशिरा टेकवायचा, कुठे स्वराला खालून घासत यायचं, हे त्या पोरीला आपोआप येतं. शिक्षक मग सरळ म्हणतात, कागद उलटा ठेवा आणि हिच्याकडे बघा. म्हणजे घरातून आलेलं ज्ञान वर्गात बसलेल्या बाकीच्या वीस मुलांत वाटलं जातंय. ती मुलगी उलट नोटेशन शिकतेय, जे तिच्या काकांना अजून येत नाही.

आणि 'ग्रीतो'. गाण्याच्या मधेच ती जी लांबलचक आरोळी देतात ना, ती. तीसुद्धा शिकवतात. आमची लाजाळू, तिने बाथरूममध्ये दार लावून सराव केला. शेजारच्या बाईंनी बेल वाजवून 'सगळं ठीक आहे ना' विचारलं. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, अगं शिवजयंतीला गारद घुमते तशी पोटातून काढ, घशातून नको. दुसऱ्या दिवशी जमली की!

नाखवा

शेवंताताई, तुमच्या सासूबाईंना साष्टांग नमस्कार. बरोबर सांगितलं त्यांनी.

चकवा

धागा 'बापाकडून पोराला' असा आहे. पोरीला काय? इतक्या प्रतिसादांत शेवंताताईंच्या लेकीखेरीज एक बाई नाही.

गवती_चहा

चकवा, तुम्हीच लिहा ना. मला यातलं जुजबीच माहीत आहे.

चकवा

लिहिते. गाणाऱ्या बाया होत्याच: लुचा रेयेस, लोला बेल्त्रान, मोठी नावं. पण त्या पुढे उभ्या राहून गाणाऱ्या, मागे वाद्य घेऊन बाप्येच. १९४० च्या दशकात मेक्सिको सिटीत संपूर्ण बायकांचे मारियाची निघाले होते, पण नवलाई म्हणून बघितले गेले. कारण उघड आहे. वर गवती चहा यांनी गुत्त्यात उभं करून शिकवण्याचं वर्णन केलंय, तिथे मुलीला कोण नेणार? ज्या जागी शिकवण व्हायची ती जागाच बाईला बंद होती.

म्हणून मुलींसाठी शाळा हा दुय्यम पर्याय नव्हता, एकमेव होता. १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लोस काम्पेरोस या नामांकित ग्रुपमध्ये रेबेका गोन्सालेस व्हायोलिन वाजवायला लागली, ती कॉलेजच्या वर्गात शिकून आलेली. पुढे १९९४ साली होसे एर्नांदेसने मारियाची रेयना दे लोस आन्हेलेस हा सगळ्या मुलींचा ग्रुप काढला. हा एर्नांदेस स्वतः पाचव्या पिढीचा मारियाची, हालिस्कोतलं घर. म्हणजे पाच पिढ्या बाप-मुलगा-बाप-मुलगा चाललेल्या घरातल्या माणसाने ती विद्या बाहेरच्या घरांतल्या मुलींना देऊन टाकली. मला या सगळ्या कहाणीत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. २००८ साली न्यूयॉर्कमध्ये फ्लोर दे तोलोआचे निघाला, त्यातल्या मुलींची घरं तर वेगवेगळ्या देशांतली.

पीतांबर

चकवा, हा मुद्दा बिनतोड आहे. तरी शाळेतली मुलं गिऱ्हाइकाची फर्माईश घेऊ शकत नाहीत हे उरतंच. त्यांना बारा गाणी येतात, ठरलेल्या क्रमाने.

जुना_तबकडीवाला

आता माझ्या आवडीचं. लिंडा रॉनस्टॅट. आमच्या पिढीत ती अमेरिकन रॉकची राणी म्हणून माहीत, १९७० च्या दशकात तिच्या तबकड्या मुंबईत मोठ्या मिनतवारीने मिळायच्या. तिने १९८७ साली एकदम स्पॅनिश गाण्यांचा, मारियाचीच्या साथीचा अल्बम काढला, 'कान्सिओनेस दे मी पाद्रे', म्हणजे माझ्या वडिलांची गाणी. रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांना वाटलं ही बुडणार. वीस लाखांच्या वर प्रती खपल्या. आणि संगीत-दिग्दर्शन कुणाचं? वर आलेल्या रुबेन फुएंतेसचं.

पण गंमत पुढेच आहे. लिंडाचे आजोबा फेदेरिको हे १८८२ साली मेक्सिकोतल्या सोनोराहून अ‍ॅरिझोनातल्या टूसानला आले, पोरसवदा, घोडागाड्या बनवण्याचं काम शिकायला. धंद्यात जम बसवला आणि गावात हौशी वाजवणाऱ्यांचा बँडही उभा केला. त्यांची थोरली मुलगी लुईसा एस्पिनेल या नावाने रंगमंचावर गायची. तिने वडिलांकडून ऐकलेली गाणी गोळा करून १९४६ साली एक पुस्तिका छापली. पुस्तिकेचं नाव? 'कान्सिओनेस दे मी पाद्रे'. भाचीने अल्बमला आत्याच्याच पुस्तिकेचं नाव दिलं. म्हणजे आजोबांची गाणी आत्याने कागदावर उतरवली, वडिलांनी घरात म्हटली आणि नातीने तबकडीवर आणली. हे घर मारियाचीचं नव्हे, गाडीवाल्याचं आणि पुढे हार्डवेअरच्या दुकानदाराचं. इथे गाण्यावर कुणाचं पोट नव्हतं. गवती चहा यांच्या 'आधी धंदा' या सिद्धांतात रॉनस्टॅट मंडळी कुठे बसवायची?

गवती_चहा

तबकडीवाले, बसत नाहीत, आणि बसवायचा आटापिटाही करणार नाही. हौशी घर आणि धंदेवाईक घर यांचा वारसाच वेगळा. हौशी घरात आवडती गाणी उतरतात, नावडती गळतात. तालोनवाल्याला नावडती गाणीही सांभाळावी लागतात, कारण गिऱ्हाइकाला ती आवडतात. आमच्या गितारोनवाल्यांना एक रडकं बोलेरो अजिबात सहन होत नाही. गेल्या शनिवारी तेच तीनदा वाजवलं म्हणे.

टूसानचं निघालंय तर, १९६४ साली तिथे एका कॅथलिक धर्मगुरूने लोस चांगीतोस फेओस नावाचा पोरांचा मारियाची काढला. वाजवून मिळालेले पैसे पोरांच्या कॉलेजच्या फीसाठी साठवायचे. त्यातली काही पोरं मोठी होऊन १९७१ साली मारियाची कोब्रे नावाने उभी राहिली आणि १९८२ पासून फ्लोरिडात डिस्नेच्या एपकॉटला वाजवत आली. सुरुवात करून देणारा कुणाचा बाप नव्हता, पाद्री होता. तरी पिढी तयार झालीच.

आणि १९७९ साली टेक्ससच्या सॅन अँटोनिओत मारियाची परिषद भरली, तिथे वार्गासचे वादक शाळकरी पोरांना शिकवायला बसले. त्याआधी त्या पोरांनी वार्गास फक्त तबकडीवर ऐकलेले.

उनाडटप्पू

विसेंते फर्नांदेस राहिले की राव! बाप विसेंते, मुलगा आलेहान्द्रो, नातू आलेक्स. तिन्ही पिढ्या मारियाचीवाल्या.

नाखवा

ते रांचेरा गायक. पुढे उभे राहतात. मागे बारा जण वाजवत असतात, धागा त्यांच्याबद्दल आहे. गायकाच्या पोराला बापाचं नाव मिळतं. व्हायोलिनवाल्याच्या पोराला बापाचं नाव विचारतंय कोण?

उनाडटप्पू

एवढं काय चिडायचं. गातात भारी.

नाखवा

गातात भारीच, त्याबद्दल वाद नाही.

गवती_चहा

पीतांबर यांच्या 'बारा गाणी' मुद्द्यावर राहून गेलं होतं. घर विरुद्ध शाळा असा सामना आपण लावतोय, पण मोठमोठ्या लोकांच्या आयुष्यात दोन्ही सरमिसळ झालेलं दिसतं. लोस काम्पेरोसच्या नाती कानोंचं उदाहरण घ्या. जन्म १९३३, ग्वादलाहाराच्या पश्चिमेला आउइस्कुल्को नावाचं खेडं. आजोबा आपलं आपण शिकलेले गितारोनवाले. वडील हाताला लागेल ते तंतुवाद्य वाजवणारे. शेतमजुरी आणि मारियाची अशी दुहेरी कमाई. पोराला वडिलांनीच ग्वादलाहाराच्या संगीत अकादमीत घातलं, आठव्या वर्षी, व्हायोलिनला. सहा वर्षं शिकला आणि मग घरात पैसे हवेत म्हणून वडिलांबरोबर गुत्त्यांतून वाजवायला लागला. अकादमीही झाली आणि तालोनही.

पुढे लॉस एंजेलिसला येऊन १९६१ साली लोस काम्पेरोस हे नाव घेतलं. १९६९ साली विल्शायर बुलेव्हार्डवर ला फोंदा नावाचं स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. तिथली गोम अशी, की मारियाची टेबलाटेबलाने फिरणार नाही, रंगमंचावर वाजवेल आणि तुम्ही जेवता जेवता ऐकायचं. धाग्याच्या सुरुवातीला मी जे कानाशी वाजणारं ट्रम्पेट म्हटलं, त्यातून मारियाचीला बाहेर काढायचा हा उद्योग. १९९० साली अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. विद्यापीठात शिकवलं. २०१४ साली गेले. ग्रुप आजही चालू आहे, आणि चालवणारा त्यांचा मुलगा नाही, ग्रुपमध्ये तयार झालेला वादक आहे.

एक मात्र खरं. २०२० साली लग्नं बंद, किन्सेअन्येरा (मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा) बंद, इथल्या मारियाचींना कित्येक महिने फक्त अंत्यविधीची कामं होती. त्यात म्हातारे वादकही गेले. आमच्या गितारोनवाल्यांच्या ग्रुपमधला विवेलावाला गेला. त्याला जुने सोन पाठ होते, काहींची तर नावंही इतरांना येत नव्हती. त्याचा मुलगा ट्रक चालवतो. मुलगा वाईट नाही, त्याने दुसरा पगार निवडला, आणि त्यात गैर काहीच नाही. पण ते सोन आता कुणाला विचारायचे? बारा गाणी ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या शाळेतल्या पोरांना तर नाहीच विचारता येणार. पीतांबर, इथे तुमच्याशी सहमत.

शेवंता_वेगास

म्हणून आमच्या शाळेतल्या शिक्षकांनी यंदा मुलांना घरचा अभ्यास दिलाय. घरातल्या किंवा ओळखीतल्या वाजवणाऱ्या म्हाताऱ्याकडून वर्गात कुणाला येत नाही असं एक गाणं फोनवर रेकॉर्ड करून आणायचं आणि कागदाशिवाय बसवायचं. आमच्या घरात तसं कोण? लेकीने मैत्रिणीच्या काकांना गाठलं. काकांनी आधी विचारलं, तुझ्या घरी कुठली गाणी म्हणतात? सासूबाईंनी फोनवर ओवी म्हणून दाखवली. काका म्हणाले तीन-तीनच्या हिशोबात बसतेय, विवेलाला लावून बघतो. अजून बघतायत.

नाखवा

ओवीचं काय झालं ते इथे जरूर लिहा. रेकॉर्डिंग टाकता आलं तर उत्तमच, सासूबाईंची हरकत नसेल तर.

प्रवासी_पक्षी

ऑफिसच्या कामासाठी नोव्हेंबरात मेक्सिको सिटीला जाणार आहे. गारिबाल्दीवर जावं का? की सगळं पर्यटकांसाठीच असतं?

गवती_चहा

जरूर जा. जमलं तर २२ नोव्हेंबर गाठा. सांता सेसिलियाचा दिवस, ती संगीतकारांची संत. त्या दिवशी शहरातले मारियाची गारिबाल्दीवर जमतात आणि गिऱ्हाइकाऐवजी तिच्यासाठी वाजवतात. चौकातच तेनाम्पा नावाचा १९२५ पासूनचा बार आहे. सिरिलो मार्मोलेखो यांच्यासारखे पहिल्या फळीतले हालिस्कोवाले तिथे वाजवायचे. जवळच २०१२ साली शहराने सुरू केलेली मारियाचीची शाळा आहे, ओयिन योलिस्त्ली, वादकांच्या पोरांबरोबर बाहेरचेही तिथे शिकतात.

भाव गाणं सुरू व्हायच्या आधी ठरवा, दर गाण्याला की तासाला ते स्पष्ट विचारा. रात्री उशिरा चौकाच्या मागच्या गल्ल्यांत भटकू नका, टॅक्सी आतूनच बोलवा. आणि सगळे मागतात ती तीन-चार गाणी सोडून 'उन सोन हालिसिएन्से' (हालिस्कोचा एक सोन) एवढंच म्हणा, कुठला वाजवायचा ते त्यांच्यावर सोडा.

प्रवासी_पक्षी

धन्यवाद. एकटाच असेन. एका माणसासाठी वाजवतात का?

गवती_चहा

पैसे दिले की वाजवतात. ग्रुपमध्ये म्हातारा गितारोनवाला बघून घ्या.